कुत्र्यांच्या अंगणातल्या तलंगा

कुत्री आणि कोंबड्या एका अंगणात नांदत नाहीत, असं मला आजवर निदान पन्नास माणसांनी सांगितलं आहे. सांगणाऱ्यांत शिकलेले होते, माझ्यासारखे अर्धवट शिकलेले होते, एक तर जनावरांचे डॉक्टर होते. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मला वाद घालता येत नाही. सातवीत शाळा सुटली, आणि तेव्हापासून समोरचा जरा आवाज चढवून बोलला की त्याचंच खरं असेल असं मला वाटायला लागतं. पण या एका बाबतीत मी कोणाचं ऐकलं नाही, आणि आता या वयात ऐकणारही नाही. जबलपूरला आमच्या अंगणात दोन कुत्री आणि पाच कोंबड्या होत्या, आणि त्या नांदल्या. कोंबड्या आणल्या होत्या सहा. सहावीचंही सांगते, लपवणार नाही.

माझा थोरला भाऊ तिथे लष्करी सामानाच्या फॅक्टरीत होता. वहिनीला दिवस गेले तेव्हा हाताखाली कोणीतरी हवं म्हणून दादा मला घ्यायला आला. वर्ध्याकडचं आमचं गाव. वडील गेल्यावर आईला माझं एक ताट कमी झालं तर बरंच होतं. इटारसीला गाडी बदलताना दादाने मला पुरी-भाजी घेऊन दिली. मी खात होते आणि मनात एकच चाललं होतं, की हा माणूस माझ्यासाठी एवढं करून राहिला, आणि मला धड पोळीसुद्धा गोल लाटता येत नाही. पुढे कितीतरी महिने मी त्याच धाकात काढले. कप फुटला तर मला वाटायचं, आता गावी पाठवतील. भात लागला तर वाटायचं, आता पाठवतील. त्यांनी कधी तसा शब्द काढला नव्हता. तरी माझी पेटी मी पलंगाखाली नेहमी भरलेली ठेवत असे, म्हणजे म्हणतील तेव्हा उशीर नको.

घमापूरच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्या होत्या आणि मागे भिंतीचं अंगण. कुत्री आम्हाला त्या खोल्यांबरोबरच मिळाली. आधीच्या भाडेकरूची बदली झाली. त्याने सामान नेलं, कुत्री नेली नाहीत. एक काळा, अंगाने मोठा आणि स्वभावाने घाबरट. दुसरी लंगडी, मागचा एक पाय उचलून चालायची, पण अंगणाची मालकीण तीच. त्या दोघांना कोणी बोलावलं नव्हतं आणि जा म्हणायला कोणाची जीभ रेटली नव्हती. माझं त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून जमलं.

दिवाळीच्या सुमारास वहिनीला मुलगी झाली. बाळ चांगलं होतं, वहिनीच खंगली. उभी राहिली की भिंत धरायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दूध द्या आणि रोज एक अंडं द्या. दूध होतं. अंडी नव्हती. तेव्हा एकाहत्तरच्या लढाईचं वातावरण तापत आलं होतं, आणि छावणीतल्या सदर बाजारात आलेली अंडी फौजेकडे जातात असं दुकानदार सांगायचे. दादा चार वेळा सदरला जाऊन रिकाम्या हाताने आला. चौथ्यांदा तो आला तेव्हा मी म्हटलं, "दादा, आपण कोंबड्याच पाळू."

माझ्या तोंडून त्या घरात निघालेली ती पहिली सूचना. आमच्या गावी शेजारी कोंबड्या होत्या, मी त्यांना दाणे टाकले होते. एवढंच माझं ज्ञान.

सदरमध्ये बाजाराच्या मागे एक म्हातारी कोंबड्या पाळायची. तिला सगळे आंटी म्हणत. तिचा नवरा फौजेत खानसामा होता. तिच्याकडून दादाने सहा पांढऱ्या तलंगा आणल्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी. आंटीने सांगितलं, "दो महीना रुको बेटी. तुरा लाल होगा, पीठ पे हाथ रखोगी तो दबके बैठेगी. समझो हफ्ते-दस दिन में अंडा."

पहिल्याच दिवशी काळ्याने एक मारली. मी खुराड्याचं दार लावत होते, एक तलंग बाहेर उडाली, आणि त्याने तिला मानेला धरलं. खेळ म्हणून धरलं की भूक म्हणून, मला माहीत नाही. कोंबडी गेली हे खरं. मी काळ्याला मारलं नाही. मी त्याला दोरीने खुराड्यापाशी बांधलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी एक तलंग मांडीवर घेऊन त्याच्यासमोर बसले. तो पुढे आला की नाकावर चापट. मागे बसून राहिला की भाकरीचा तुकडा. पंधरा दिवस. शेवटी शेवटी तो कोंबडीकडे बघायचाही नाही, माझ्या हाताकडे बघायचा. लंगडीला काही शिकवावं लागलं नाही. तिने कोंबड्यांना एकदा हुंगलं आणि त्या आपल्या आहेत असं ठरवून टाकलं. भिंतीवरून येणारं मुंगूस तिनेच दोनदा पळवलं.

मग लढाई लागली.

फॅक्टरीच्या भोंग्यावर आमचा दिवस चालायचा, तो आता बारा बारा तासांचा झाला. दादाला रातपाळी. संध्याकाळी जायचा, सकाळी भोंगा झाल्यावर डोळे लाल करून यायचा, दोन घास खाऊन झोपायचा. खिडक्यांना काळे कागद लावले. गल्लीतले एक मराठी बाबू ब्लॅकआउटचे वॉर्डन झाले होते. ते संध्याकाळच्या आत घरोघर फिरून बघून जात, कुठे फट राहिली का. फॅक्टऱ्यांचं गाव, बॉम्ब टाकायचा तर इथेच टाकतील, हे सगळ्यांच्या तोंडी होतं. एका संध्याकाळी ते अंगणात आले, खुराड्याकडे बघितलं आणि म्हणाले,

"काय हो बाई, तुमच्या कोंबड्या तर ट्यूबलाईटसारख्या पांढऱ्या! चांदण्यात वरून दिसतील ना विमानाला."

आणि हसत गेले. दादाही हसला. मी नाही हसले. मी खरं मानलं.

आज सांगताना कानशिलं तापतात, पण सांगते. मला वाटलं, माझ्या पाच कोंबड्यांमुळे फॅक्टरीवर बॉम्ब पडेल आणि त्या वेळी दादा आत असेल. दुसऱ्या दिवशी मी खुराड्याला दुहेरी गोणपाट शिवलं, वर काळा कागद, आणि कडेला माती लिंपली. दुपारी चारच्या आत कोंबड्या आत घालून मी ते सगळं खाली सोडत असे. बरं, सकाळी लवकर उघडावं, तर दादा नुकताच झोपलेला. उजेड दिसला की त्या कलकलाट करायच्या. म्हणून त्याची पहिली झोप होऊ दे, असं करत दहा वाजेपर्यंत मी गोणपाट उचलत नसे. मला वाटायचं, मी केवढी शहाणी. देशाचंही रक्षण, दादाच्या झोपेचंही.

लढाई थोड्याच दिवसांत थांबली. लोकांनी खिडक्यांचे कागद टराटरा फाडले. खुराड्याचं काय करायचं हे मला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायची मला लाज वाटली. दादाची रातपाळी चालूच होती. गोणपाटही चालूच राहिलं.

लेकीचं दुखणं हटेना म्हणून वहिनीची आई नागपूरहून आली. मी त्यांना मावशी म्हणायची. बाई कामाची आणि तोंडाची, दोन्हीने तेज. आल्या आल्या त्यांनी घर हातात घेतलं, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. बाळाला न्हाऊ घालणं मावशींसारखं मी कोणाचं बघितलं नाही. पण कुत्र्यांना त्या बघू शकत नसत. दारातून अंगणात उतरताना हातात काठी.

"काहून वं, किती महिने झाले ह्या कोंबड्यांना?"

"आंटी म्हणाली होती दोन महिने. तेवढे होऊन गेले."

"आणि अंडं?"

"येईल ना मावशी."

"कुठून येईल? तो काळा राक्षस दारात बसून राहिला दिवसभर. एकीला त्यानं खाल्ली ते डोळ्यांनी पाहिलं त्यांनी. भेदरलेली कोंबडी अंडं देते का बापा? माझ्या लेकीच्या तोंडात पडावं म्हणून आणल्या, आणि तुम्ही कुत्र्यांचं मनोरंजन करून राहिले."

त्यांच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. तलंग मेली होती. अंडं नव्हतं. वहिनी भिंत धरूनच चालत होती. मी कोंबड्यांचं पाणी बदलायला गेले.

शेजारी एक ट्रकवाले राहत, ते दर रविवारी बरगीकडे जात. मावशींनी त्यांच्याशी बोलून ठेवलं. येत्या रविवारी दोन्ही कुत्री ट्रकमध्ये घालून तिकडच्या खेड्यात सोडायची. नर्मदेकाठी मासे सुकवतात, खातील पितील, मजेत राहतील, असं त्या म्हणाल्या. तीन पायांची कुत्री परक्या गावातल्या कुत्र्यांमध्ये किती दिवस मजेत राहील, हे मला कळत होतं. बहुतेक त्यांनाही कळत असावं.

त्या दिवशी सोमवार होता. मंगळवारी मी कोणाला न सांगता चालत सदरला गेले. माझं एवढं लांब एकटीने जाणं तेच पहिलं. आंटी दाणे पाखडत होती. मी सगळं सांगितलं: तुरे फिके आहेत, पाठीवर हात ठेवला की पळतात, घरात कुत्री आहेत, कुत्र्यांमुळे असेल का?

"कुत्ते तो मेरे यहाँ भी तीन हैं," ती म्हणाली. तिच्या कोंबड्या त्या तिघांच्या अंगावरून चालल्या होत्या. "दाना क्या देती हो? पानी? और रखती कैसे हो?"

मी खुराड्याचं सांगितलं. मोठ्या अभिमानाने सांगितलं, गोणपाट कसं दुहेरी शिवलं, चारला कसं सोडते, दहाला कसं उचलते. तिच्या हातातलं सूप थांबलं.

"अरे पगली! मुर्गी उजाले से अंडा देती है. सर्दी में वैसे ही रात लंबी, तूने तो बेचारियों की और बढ़ा दी. विमान देखेगा? मुर्गी को?" आणि ती इतकी हसली, इतकी हसली, की तिला खोकला लागला. मग माझा चेहरा बघून तिने पाणी दिलं. "वो टाट का परदा फेंक दे. अब से पंद्रह-बीस दिन लगेंगे."

पंधरा-वीस दिवस. माझ्याजवळ पाच होते.

परत येताना घमापूरच्या बाजारातून मी कशी चालले मला आठवत नाही. दोष कुत्र्यांचा नव्हता, माझा होता. वहिनीच्या तोंडचं अंडं मीच दोन महिने अडवून धरलं होतं. हे सांगायचं तर माझं काय होईल? ज्या पोरीला कामाला आणली तिने असला उद्योग करून ठेवला, म्हटल्यावर? आणि नाही सांगितलं तर कुत्री जाणार, मी राहणार. अगदी सोपं होतं. गप्प बसायचं. गप्प बसण्यात तर मी तरबेज होते.

घरी येऊन मी गोणपाट फाडलं. मावशींनी विचारलं, काहून फाडलं? मी म्हटलं, घाण झालं होतं. चार दिवस मी तेवढंच बोलले. पहाटे उजाडायच्या आत उठून कोंबड्यांना उचलून अंगणाच्या पार टोकाला न्यायची, म्हणजे दादाची झोप मोडू नये. रोज पाठीवर हात ठेवून बघायची. रोज पळायच्या.

रविवारी सकाळी ट्रक दारात आला. दादा अजून फॅक्टरीतून परतला नव्हता. ट्रकवाले हातात सुतळी घेऊन अंगणात आले. काळा त्यांना ओळखत होता, शेपटी हलवत पुढे गेला आणि सुतळी गळ्यात घालून घेतली. लंगडी गेली नाही. ती माझ्या पायाशी येऊन बसली. तिला काही कळलं होतं असं मी म्हणणार नाही. तिथे ऊन होतं.

मी तिच्याजवळ खाली बसले आणि काळ्याच्या गळ्यातली सुतळी धरली.

"छोड़ो बहनजी, देर हो रही है," ट्रकवाले म्हणाले.

"कुत्री जाणार नाहीत," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं. मग हिंदीत म्हटलं. आवाज फाटला होता.

मावशी दारात आल्या. "हे काय नाटक?"

"मावशी, अंडी कुत्र्यांमुळे अडली नाहीत. माझ्यामुळे अडली. मी त्यांना अंधारात ठेवलं. चारपासून दहापर्यंत. कोंबडीला उजेड लागतो. मला माहीत नव्हतं. वॉर्डनबाबू म्हणाले विमानाला दिसतील, मला खरं वाटलं. लढाई संपली तरी मी झाकत होते. सदरच्या आंटीला विचारून आले मी. कोणाला पाठवायचं तर मला पाठवा. माझी पेटी भरलेली आहे."

एका दमात एवढं मी आयुष्यात बोलले नव्हते. ट्रकवाल्यांना मराठी अर्धीच कळत असावी, पण त्यांनी सुतळी सोडून दिली.

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. "कोंबड्या? विमानाला?" त्या म्हणाल्या. मग एकदम कडक झाल्या. "बरं, चुकली तू. समजलं. पण पाठवायचं तर कुत्रीच पाठवू ना, तुला काहून पाठवू? तू कामाची आहेस. ही काय देतात?"

आणि इथे माझं डोकं फिरलं. त्यांनी मला वाचवलं होतं, त्याच वाक्यात. पण मला आवडलं नाही ते. मी म्हटलं, "काही देत नाहीत. काही न देता राहतील. कोंबड्याही अंडं देवोत की न देवोत, त्याही राहतील. इथे राहायला काही द्यावंच लागत असेल, तर मावशी, मग मला पण रोज सकाळी तपासत जा."

आत बाळ रडत होतं. दादा केव्हाचा पुढच्या दारात आला होता, डबा हातात, अंगावर फॅक्टरीची काजळी. त्याने किती ऐकलं कोण जाणे. तो अंगणात आला. ट्रकवाल्यांना म्हणाला, "भैया, आप निकलिए. माफ करना." माझ्याकडे न बघता त्याने खुराड्याचं दार उघडून आत डोकावलं.

"दहापर्यंत झाकून ठेवायची? काहून?"

"तुझी झोप मोडू नये म्हणून."

त्याने हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "मशीनखाली बारा तास काढून येतो मी. मला कोंबडीनं जाग येते? उद्यापासून उजाडलं की सोडायच्या." आणि वहिनी, जी उठून दारापर्यंत कधी आली ते आम्हाला कळलंच नाही, चौकटीला धरून म्हणाली, "आणि ती पेटी रिकामी कर. कपडे कपाटात ठेव. मला ती रोज पलंगाखाली दिसते, आणि रोज राग येतो."

मावशी माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या, तेही कोंबड्यांबद्दलच: "दाण्यात शिंपल्यांचा चुरा टाक थोडा." म्हणजे त्यांना माहीत होतं बरंच. मग रोज सकाळी काठी टेकत त्या अंगणात उतरायच्या आणि लांबूनच विचारायच्या, "तुरा?"

"थोडा लाल आहे."

"थोडा म्हणजे किती? टिकलीएवढा की कुंकवाएवढा?"

एका सकाळी मी एकीच्या पाठीवर हात ठेवला आणि ती पळाली नाही. पंख जरा फाकून जमिनीला दबून बसली. मी ओरडले. मावशी काठी विसरून आल्या.

त्यानंतर नऊ दिवसांनी, दुपारी, लंगडी अंगणात उन्हात उभी दिसली. उभी, बसलेली नाही. तिची निजायची जागा म्हणजे न्हाणीघराच्या भिंतीशी ठेवलेली फुटकी टोपली, त्यात जुन्या चिंध्या. ती टोपलीकडे बघत होती. टोपलीत तलंग बसली होती. खुराड्यात मी वाळकं गवत घालून एवढी छान जागा केली होती, तिकडे ढुंकूनही न बघता ही कुत्रीच्या बिछान्यात जाऊन बसली. काळा दूर भिंतीशी. लंगडी तीन पायांवर उभी, मध्ये मध्ये तोल जायचा, पुन्हा सावरायची. तासभर तरी असेल. मावशी आणि मी दारातून बघत होतो.

तलंग उठली, ओरडत सुटली. टोपलीत अंडं होतं.

"काढ लवकर," मावशी कुजबुजल्या. "ती खाईल."

"नाही खाणार. तुम्ही काढा."

"मी? त्या कुत्रीच्या अंगावरून?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की एरवी मी लगेच पुढे झाले असते. मी हलले नाही. मावशींनी पदर खोचला, पायऱ्या उतरल्या, लंगडीला म्हणाल्या, "सरक वं माय," आणि लंगडी सरकली. त्यांनी वाकून चिंध्यांत हात घातला. अंडं लहान होतं, मोठ्या लिंबाएवढं, एका टोकाला रक्ताची पुसट रेघ. त्यांनी ते पदराने पुसलं, कानाशी नेलं, कशाला ते मला आजही माहीत नाही.

वहिनीने ते उकडून, मीठ लावून, दोन घासांत खाल्लं. मावशी म्हणाल्या, "लहानच आहे बापा."

"उद्या दुसरं येईल," मी म्हटलं.

उद्या आलं नाही. परवाही आलं नाही. चौथ्या दिवशी आलं, आणि मधल्या दोन दिवसांत घरात कोणीही कुत्र्यांचं नाव काढलं नाही.